माल रस्त्यात आहे

...आणि खुर्च्या उन्हात मांडल्या त्याला मी काय करू, मला विचारून मांडल्या का कोणी? मला तर हा माइकही आत्ताच मिळाला, म्हणजे मिळाला कसला, साहेबांच्या पीएंनी हातात कोंबला, आणि म्हणाले, "ताई, साहेब येईपर्यंत वडिलांबद्दल दोन शब्द बोला, म्हणजे पब्लिक उठून जाणार नाही." पब्लिक म्हणजे तुम्ही. वडील म्हणजे माझे. आणि साहेब म्हणजे माझा सख्खा काका, आपले खासदार, जो या डायलिसिस सेंटरला माझ्या बाबांचं नाव द्यायला, म्हणजे तो भिंतीवर निळा पडदा लावलाय ना, तो बाजूला सारायला राजधानीतून निघालाय. कुठवर आलेत, मी पीएंना विचारलं. म्हणाले, "रस्त्यात आहेत."

मला हसू आलं. बाबांच्या कार्यक्रमात बाबांचीच मुलगी हसली म्हणून पुढच्या रांगेतून आत्याने डोळे वटारले... हो आत्या, दिसलं मला. पण तुम्हाला सांगते, रस्त्यात आहे, हे ऐकतच मी लहानाची मोठी झाले. आमचं दुकान त्यावर चाललं, काकाची नगरसेवकी त्यावर आली, खासदारकी त्यावर आली, आणि माझे बाबा त्यावरच... थांबा, मधलं राहून जाईल. नीट सांगते. वेळ काय, आहेच. साहेब रस्त्यात आहेत.

तर आमचं नळांचं आणि टाइल्सचं दुकान. इथे बसलेल्या निम्म्या लोकांच्या बाथरूममध्ये आमच्याच टाइल्स आहेत, आणि बऱ्याच जणांच्या अर्ध्या भिंतीला एक रंग आणि अर्ध्या भिंतीला दुसरा रंग आहे, नाही का? लाजू नका, त्याचं कारण सांगते. काका धाकटा, पण काउंटरवर तो. बाबा थोरले, पण ते मागे गोडाऊनमध्ये. का? तर काकाला बोलता येतं आणि बाबांना उचलता येतं. काकाचा धंद्याचा नियम एकच, गिऱ्हाइकाच्या कानावर 'नाही' हा शब्द पडता कामा नये. तुम्ही या आणि मागा काहीही, गुलाबी बेसिन मागा, षट्कोनी फरशी मागा, काका म्हणणार, "अहो, तुमचाच माल रस्त्यात आहे, परवा या." आणि नुसतं म्हणून थांबणार नाही. काउंटरवर एक लाल टेलिफोन होता, आठवतो? त्याची लाइन आम्ही कधीच काढून टाकली होती, मागे वायरच नव्हती. पण काका रिसीव्हर उचलायचा, आकडे दाबायचा, आणि गिऱ्हाइकाकडे बघत बोलायचा, "हां, ड्रायव्हरसाहेब, कुठवर आलात? घाट उतरलात? सावकाश या, माल नाजूक आहे. आणि मुलीची परीक्षा कशी गेली?" नसलेल्या ड्रायव्हरच्या नसलेल्या मुलीची परीक्षा! गिऱ्हाईक काय हो, मी स्वतः दुसरी-तिसरीत असताना त्या मुलीची काळजी करत बसायचे.

गिऱ्हाईक खूश होऊन इसार देऊन जायचं. आणि मग काय व्हायचं? माल यायचा कुठून? तर पत्र्याच्या पार्टिशनमागून बाबा सगळं ऐकत असायचे. ते काही न बोलता शर्टाच्या बाह्या खाली करायचे, स्कूटरची किल्ली घ्यायचे आणि निघायचे. या दुकानात जा, त्या दुकानात जा, कोणाकडे चार खोकी मिळाली, कोणाकडे सहा, तीही जरा वेगळ्या छटेची... आलं ना लक्षात तुमच्या भिंतीचं? पायांच्या मध्ये टाइल्सचं खोकं धरून, गुडघे बाहेर काढून, स्कूटर हाकत यायचे. परवा गिऱ्हाईक आलं की माल हजर. काका म्हणायचा, "बघा, म्हणालो होतो ना, रस्त्यात आहे?" आणि त्याला ते खरंच वाटायचं हो! तुम्हाला वाटत असेल की माणूस खोटारडा. खोटारडा परवडला. खोटारड्याला निदान खरं काय ते ठाऊक असतं. काकाला आयुष्यभर असं वाटत आलंय की आपण म्हटलं की वस्तू निघते.

आता ते शोकेसमधलं बाथरूम सांगते, मग पुढे जाते. काकाने दुकानाच्या काचेमागे एक सबंध बाथरूम उभं केलं होतं, झकपक, सोनेरी नळ, कमोड, आरसा. पण डिस्प्लेचा माल, मागे पाइप नाही, पाणी नाही, काही नाही. तर एक वयस्कर गृहस्थ सुनेबरोबर फरशी बघायला आले, सून काउंटरवर भाव करत बसली आणि यांना लागली घाई. समोर इतकं सुंदर बाथरूम! गेले, बसले, उरकलं. आणि फ्लश दाबतायत, दाबतायत, पाणी काही येईना. शेवटी तिथूनच हाक मारली, "अहो शेठ, पाणी?" आणि काका काउंटरवरून, सवयीने, मागे न बघता, "रस्त्यात आहे!"

हसा, हसा, मीही हसत आले आजवर. पण साफ कोणी केलं? कोणी विचारलंच नाही आजवर. बाबांनी.

पीए मला हाताने खुणा करतायत, आटपा म्हणून. की लांबवा म्हणून? लांबवा. बरं.

मग एकदा दुकानासमोरचा रस्ता खणला आणि खणूनच ठेवला. काका तक्रार घेऊन तेव्हाच्या नगरसेवकाकडे गेला. दिवसभर तिथे बाकावर बसला आणि संध्याकाळी जो परत आला तो चेहऱ्यावर उजेड पडल्यासारखा. आम्ही जेवायला बसलो होतो. म्हणाला, "दादा, तो माणूस दिवसभर काय करतो माहितेय? लोक येतात, अमुक पाहिजे म्हणतात, तो म्हणतो होऊन जाईल. झालं. अरे, हे तर मी रोजच करतो! आणि त्याला गोडाऊनसुद्धा लागत नाही." बाबा म्हणाले, "गोडाऊन लागतं रे कुठेतरी." पण बाबांचं बोलणं म्हणजे पंख्याचा आवाज, घरात असतो, ऐकत कोणी नाही.

उभा राहिला. निवडून आला. दुकानात 'शेठ' होता तो वॉर्डात 'भाऊ' झाला. लोक दारात यायला लागले. गल्लीतला दिवा गेलाय, भाऊ. "दिवा रस्त्यात आहे." गटार तुंबलंय, भाऊ. "गाडी रस्त्यात आहे." आणि पार्टिशनमागून... हो. बाह्या खाली, किल्ली, स्कूटर. दिव्यांच्या ऑफिसात जाऊन बाबा बाकावर बसून राहायचे, वायरमन येईपर्यंत उठायचेच नाहीत. भांडण नाही, आवाज नाही, नुसते बसायचे, समोरच्या साहेबाला जेवणाचा डबा उघडायची लाज वाटेपर्यंत. मग येताना वायरमनला मागे बसवून आणायचे, शिडी आडवी धरून. लोक म्हणायचे, भाऊंचं काम म्हणजे काम. मी कॉलेजात होते तेव्हा. मी बाबांना म्हणायचे, "तुम्ही त्याला बिघडवताय. एकदा आणू नका, एकदा उघडं पडू दे." बाबा म्हणायचे, "आणि त्या गल्लीतल्या बायका अंधारात चालतील त्याचं काय?" या मोठ्या माणसांशी धड भांडताही येत नाही. चुकीच्या माणसासाठी बरोबर गोष्टी करत असतात.

आणि मग बाबांच्या किडन्या गेल्या.

...पाणी आहे का कोणाकडे? नको, राहू दे.

दर दोन-तीन दिवसांनी डायलिसिस. इथे सोय नाही, तर मोठ्या शहराच्या हॉस्पिटलात, जाताना बस, येताना बस. त्या मागच्या रांगेतल्या मावशी बघा, भिंतीला टेकून बसल्यात त्या. त्यांच्या यजमानांना घेऊन त्याच बसने त्या अजून जातात. बाबांची जागा धरून ठेवायच्या त्या. काकाला वाईट वाटलं, खरंच वाटलं, मी नाही म्हणत नाही. ढसाढसा रडला तो बाबांच्या खांद्यावर. आणि रडता रडताच जाहीर केलं, "माझ्या दादाची झाली तशी फरफट कोणाची होणार नाही, आपल्या वॉर्डात डायलिसिस सेंटर होणार." झालं की! इमारत झाली, ही काय, तुम्ही तिच्याच दारात बसलाय. रंग झाला, फरशी झाली, फरशी आमच्याच दुकानातली, एका रंगाची. उद्घाटन ठरलं. फक्त मशीन...

बरोबर. शिकलात तुम्ही.

पण उद्घाटन मशीनशिवाय कसं करणार? काका मूळचा दुकानदार. त्याने विक्रेत्याकडून शोरूममधलं एक मशीन एका सकाळपुरतं मागवलं. डिस्प्लेचा माल. मागे पाइप नाही, पाणी नाही. शेजारी आरामखुर्ची, खुर्चीत माझे बाबा, बाही वर केलेली, आणि हाताला एक नळी, टोचलेली नाही हो, चिकटपट्टीने चिकटवलेली. बाजूला पांढरा कोट घालून नर्स म्हणून जी उभी होती ना, ती आमच्या दुकानात बिलं करते. मोठे पाहुणे आले, फीत कापली, फोटो निघाला, बाबांना सांगितलं, दादा, जरा हसा. बाबा हसले. पाहुणे गेले, मशीन टेम्पोत चढलं, आणि बाबा खुर्चीतच बसलेले, आम्हाला म्हणतायत, "अरे, माझी पट्टी काढा कोणीतरी, केस ओढले जातायत." आणि मग? मग माझ्याबरोबर स्टँडवर आले आणि दुपारची बस पकडून खरं डायलिसिस करायला गेले. तो दिवस त्यांचा होता ना. चुकवून कसं चालेल?

तो फोटो तुम्ही पाहिलाय. चौकात दोन मजले उंच लागला होता. 'पहिले लाभार्थी.' माझ्या बाबांचं हसू बसच्या खिडकीएवढं, आणि खाली काका हात जोडून. त्या फोटोवर काकाला खासदारकीचं तिकीट मिळालं. ज्या माणसाने सख्ख्या भावासाठी सेंटर उभं केलं तो तुमच्यासाठी काय नाही करणार, असं भाषणात म्हणायचे. मुद्दा बिनतोड आहे, नाही?

आता नीट ऐका, कारण इथे सगळं फिरलं. निवडणूक जाहीर झाली आणि काका घरी आला. आईने विचारलं, "भावोजी, मशीन कधी येतंय?" आणि तुम्हाला सांगते, माझ्या डोळ्यांसमोर त्याचा हात आपोआप हवेत उठला, रिसीव्हर धरल्यासारखा. "वहिनी, रस्त्यात आहे." मी म्हटलं, "कुठल्या रस्त्यात, काका? रस्त्याचं नाव सांगा, मी जाऊन आणते." झालं, आत्या, आजोबा, सगळे एकदम, मोठ्यांच्या मध्ये बोलू नये. मग काका बाबांजवळ जाऊन बसला, गुडघ्यावर हात ठेवला. "दादा, एकच विनंती. मतदान होईपर्यंत त्या शहराच्या बसमध्ये तू कोणाला दिसू नकोस. समोरची माणसं टपून बसलीयेत. म्हणतील, याच्या भावालाच याच्या सेंटरवर विश्वास नाही."

बाबा म्हणाले, "बरं."

बरं. एवढंच. भर उन्हाळ्यात गळ्यापासून नाकापर्यंत मफलर, काळा चष्मा, असे जायला लागले. आणि तरी एकदा बसमध्ये शेजारच्या सीटवरच्या माणसाने निरखून बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "अहो, तुम्ही ते पहिले लाभार्थी ना? मग तिकडे कशाला निघालात?" त्या मावशी साक्षीला आहेत. बाबा म्हणाले, "एका नातेवाइकाला बघायला. फार आजारी आहेत." तो माणूस म्हणाला, "त्यांना आपल्या सेंटरला आणा की." बाबा म्हणाले, "आणतो."

त्या दिवसानंतर ते गेले नाहीत.

मी टॅक्सी आणली. चढले नाहीत. डॉक्टरीणबाईंना फोन लावून दिला, त्या त्यांच्यावर ओरडल्या, यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि 'हो बाई, येतो' म्हणाले. पाय सुजले, चपलेचे पट्टे लागेनात. पाणी कमी प्यायचं म्हणून बर्फाचा खडा तोंडात धरून बसायचे. मी भांडले, रडले, चपला फेकल्या. शेवटी समोर बसले आणि म्हटलं, "बाबा, जगात सगळ्यांनी विश्वास ठेवला तर एक वेळ मी समजू शकते. पण तुम्ही? तुम्ही पार्टिशनमागे होतात. तुम्हाला माहितेय, त्या फोनला वायर नाही." तर बाबांनी आधी दाराकडे बघितलं. दारात प्रचाराची माणसं बसली होती. आणि हळूच मला म्हणाले, "हळू गं. गिऱ्हाईक समोर असताना असं बोलू नये."

...आता सांगा. काय करायचं अशा माणसाचं?

ज्याने आयुष्यभर काकाचा माल आणून दिला त्यालाच माल हवा होता, आणि आणायला पार्टिशनमागे कोणी नव्हतं. इतकं साधं आहे ते. मी गेले होते हो, दोन-तीन ऑफिसांत जाऊन बसले, पण मला बाबांसारखं बसता येत नाही. मी भांडते. मला हाकलून दिलं.

निकालाच्या दिवशी दुपारी बाबांना धाप लागली. मी अॅम्ब्युलन्सला फोन केला. त्या माणसाने सांगितलं, "निघालीये ताई, रस्त्यात आहे." आणि गंमत बघा, जन्मात पहिल्यांदा ते वाक्य खरं होतं. अॅम्ब्युलन्स खरंच रस्त्यात होती. काकाच्या विजयाच्या मिरवणुकीत अडकली होती. आम्हाला खिडकीतून तिचा दिवा दिसत होता, पुढे गुलाल... नाही, मला आता रंग आठवत नाही, पुढे माणसं नाचतायत, मागे दिवा फिरतोय. बाबांना वाटलं मिरवणूक बघण्यासाठीच आम्ही खिडकीशी उभ्या आहोत. विचारलं त्यांनी, "आला का निवडून?" आई म्हणाली, "आला." म्हणाले, "चला, माल पोचला."

ते शेवटचं.

काका सभागृहात पहिल्या भाषणात बाबांबद्दल बोलला, टीव्हीवर बघितलंत तुम्ही. म्हणाला, माझ्या भावाने माझ्या सेंटरमध्ये अखेरपर्यंत उपचार घेतले. आत्या रडली. मी टीव्ही बंद केला तर मलाच रागावले सगळे, साहेब बोलतायत, बघू दे.

आणि आज सेंटरला बाबांचं नाव. दाराला कुलूप आहे, आत ती आरामखुर्ची आहे, तिच्या हातावर चिकटपट्टीचा तुकडाही असेल अजून. मशीन नाही. मी हा माइक का घेतला, सांगू? दोन शब्द बोलायला नाही. काका समोर येऊन उभा राहिला की तुम्हा सगळ्यांच्या देखत, त्या मावशींच्या देखत, एकच प्रश्न विचारणार आहे, की काका, मशीन कुठल्या रस्त्यात आहे? आज तिथे आत्याने कितीही डोळे वटारले तरी...

काय? बोला ना पीए, माइकवरच बोला, काय लपवायचंय. ...हं. ...हं.

साहेब येत नाहीयेत. मीटिंग लागली. वहिनींच्या हस्ते उरकून घ्या म्हणाले.

छान. म्हणजे मी एवढा वेळ कोणाशी बोलत होते? बरं. आई, ऊठ. ऊठ, हात दे. हळू. ही दोरी ओढायची, फार नाही, जरा. ओढ.

...

पीए.

पडद्यामागे काहीच नाहीये.

भिंत आहे. चार खिळे आहेत. पाटी कुठाय?

नका सांगू. ओठ हलवू नका. मला कळलं. पेंटरकडे आहे, ना? दुकानाच्या गल्लीतल्या? तयार आहे, पण आणायचं कोणी ते ठरलं नाही, आणि साहेबांनी सांगितलं की...

आई दोरी हातात धरून तशीच उभी आहे. बाबांचं नाव बघायला आली होती. आणि तुम्ही सगळे भिंतीकडे बघताय, मावशी उठायला लागल्यात.

उठू नका मावशी. कोणी उठू नका. आई, बस तू इथे, पडदा राहू दे तसाच. माझ्या बाह्या कधी खाली केल्या मी... असू दे. स्कूटरची किल्ली तुझ्या पर्समध्ये आहे, ती दे.

तुम्ही बसा. पाटी रस्त्यात आहे.